घोड्याला पाय लागला

तुमच्या स्पर्धेच्या कारकिर्दीवर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आधी अपराधीच वाटलं. कारकीर्द म्हणावी असं माझ्याकडे जेमतेम एक मिनिट आहे आणि त्यातला शेवटचा भाग मी घोड्याच्या पाया पडण्यात घालवलेला आहे. तो प्रसंग आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला मन मोकळं राहील.

जिमनॅस्टिक्समध्ये ‘घोडा’ नावाचं एक साधन असतं. लाकडी धड, वर चामडं, खाली चार लोखंडी पाय. मुंडकं नाही, शेपूट नाही. खेळाडू लांबून पळत येतो, उसळत्या फळीवर दोन्ही पाय आपटतो, घोड्याच्या पाठीवर हात टेकतो, पाय फाकवून वरून जातो आणि पलीकडे उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, उडी महत्त्वाची. तसं नाही. महत्त्वाचं असतं ते पलीकडे गेल्यावर न हलणं. पाऊल सरकलं की गुण गेले. तोल सावरायला हात फिरवले की गुण गेले. बाकीचे खेळ माणसाला हलायला शिकवतात. आमचा खेळ एवढी धावपळ करून शेवटी खिळ्यासारखं उभं राहायला शिकवतो.

पुण्याला राज्य स्पर्धेत माझी उडी अशी काही लागली की मला शिकवणाऱ्या गुरुजींनी टाळीसाठी उचललेले हात मला हवेतूनच दिसले. मी उतरलो. पाऊल तसूभर हललं नाही. पण वरून जाताना डाव्या पायाचा अंगठा घोड्याच्या पाठीला निसटता लागला होता.

आता आमच्याकडे कशालाही पाय लागला, पुस्तकाला, केरसुणीला, शेजारच्या माणसाला, की त्याला हात लावून तो छातीला लावायचा. हे कुणी शिकवत नाही. रांगायच्या वयातच अंगात येतं. मी मागे वळलो, घोड्यापर्यंत चालत गेलो, हात लावला, छातीला लावला, परत जागेवर आलो आणि हात वर करून उभा राहिलो.

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी एका परीक्षकांनी विचारलं, “काही विसरलं होतं का?”

“पाय लागला होता,” मी म्हणालो.

बीडपर्यंतच्या प्रवासात गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले. स्टँडवर उतरताना म्हणाले, “पाया पडायचंच होतं, तर परीक्षकांच्या तरी पडायचं, बे.”

त्यानंतर मी खेळलो नाही, शिकवायला लागलो. नेकनूरच्या पुढे सावरवाडीला क्रीडाशिक्षकाची नोकरी मिळाली. मैदान होतं, पोरं होती, साधन एकही नव्हतं. गाद्या म्हणून आम्ही साखर कारखान्याची रिकामी पोती आणली आणि त्यांत उसाचा चोथा भरून तोंडं शिवून टाकली. चोथ्यात थोडी गोडी उरलेली असते हे माझ्या लक्षात आलं नाही. ते लाल मुंग्यांच्या लक्षात आलं. पण त्याचा फायदाच झाला. पायाला मुंग्या चावत असताना जो पोरगा हात वर करून हसतमुखाने उभा राहतो, त्याला पुढे कुठले परीक्षक काय हलवणार?

राहिला घोडा. तेवढी ऐपत गावात फक्त दूध संस्थेची होती. संस्थेच्या सभेत मी भीतभीत उभा राहिलो आणि म्हणालो, “शाळेला घोडा पाहिजे.”

मागून कुणीतरी विचारलं, “दुधाचा का?”

“उड्या मारायचा.”

“सर, घोडं आपलं आपण उड्या मारतंय की. त्याला कशाला शिकवायचं?”

“घोडा नाही मारत. पोरं मारतात. घोड्यावरून.”

“मग लाथ घालीन ना ते पोराला!”

लोकांची धारेची वेळ झाली होती. आपण सगळ्यांना खोळंबून ठेवलंय असं वाटून मी खाली बसलो. पण संस्थेचे चेअरमन, ज्यांना अख्खं गाव नाना म्हणतं, ते उठले. “मी म्हणतो, घ्या घोडा. गावाला घोडा पाहिजेच.” नानांचा हात वर गेला की बाकीचे आपोआप जातात. निवडणुकीच्या मिरवणुकीला दर वेळी बाहेरगावचा घोडा भाड्याने आणावा लागतो, याचं नानांना फार वाईट वाटत होतं, हे मला नंतर कळलं.

घोडा बीडहून दुधाच्या टेम्पोतून आला. नाना फेटा बांधून, हार घेऊन उभे होते. हलगीवालाही बोलावला होता. ताडपत्री काढली. नानांनी घोड्याभोवती एक चक्कर मारली.

“शब्बीर,” ते टेम्पोच्या ड्रायव्हरला म्हणाले, “मुंडकं कुठाय?”

शब्बीर गांगरला. “नाना, मेरेकू जैसा दिया वैसाच लाया.”

“मांजरसुंब्याच्या घाटात गचका बसलता म्हणाला ना तू मगाशी?”

“बसलता. पन मुंडकं नव्हतंच नाना. अल्ला की कसम.”

“जा बे, बघून ये आधी.”

मी सांगायचा प्रयत्न केला, पण हलगी चालू होती. शब्बीर खरोखर टेम्पो वळवून घाटापर्यंत जाऊन आला. मुंडकं मिळालं नाही. कुठल्यातरी ट्रकचा आरसा सापडला, तो घेऊन आला. तोपर्यंत मी नानांना खरा प्रकार समजावला होता. नानांनी एक लांब श्वास सोडला. हार घालायला मान नव्हती, म्हणून त्यांनी तो घोड्याच्या पाठीवर ठेवला आणि फेटा सोडत घरी गेले.

इथवर सगळं ठीक होतं. पुढची गोष्ट माझ्या हातून झाली. खंडेनवमीला शाळेत सगळ्या साधनांची पूजा असते. मी घोड्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि पोरांना ओळीने दर्शन घ्यायला लावलं. दोन-चार दिवसांनी बघतो तर घोड्याच्या पायाशी अगरबत्ती. कुणीतरी गाभण म्हशीसाठी नवस बोललं होतं. म्हैस सुखरूप व्याली आणि वर रेडी झाली. मग काय विचारता! मी दुपारी सरावाला जायचो तेव्हा आधी घोड्यावरचे पेढे उचलावे लागायचे.

पोरांचं मात्र वाटोळं झालं. जी सवय मला एकट्याला होती, ती आता अख्ख्या संघाला जडली. पोर उडी मारायचं, पाय किंचित लागायचा, की गर्रकन वळून नमस्कार. पाय लागलाय की नाही याची खात्री नसली तरी नमस्कार. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्हाला ‘पाया पडणारी शाळा’ म्हणू लागले. एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “सर, हे तुमच्याकडचं काही भजनी मंडळाचं आहे का?”

या पोरांत मनी होती. पूर्ण नाव मनकर्णा, आजीचं ठेवलेलं. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर लागायचा, मग भांडी, कोंबड्या, पोरं घेऊन सगळे कारखान्याच्या ऊसफडावर. तिथे उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, बांधायची आणि उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहायचं. मनीही जायची. भाकरी थापायची, धाकट्या भावाला सांभाळायची आणि परत आली की सगळ्यांपेक्षा उंच उडायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “तिकडं ट्रॉलीवरून पाचटात उड्या मारते की, सर.” मुंग्यांच्या गादीवर ती इतकी शांत उभी राहायची की मुंग्याच कंटाळून जायच्या.

मग सलग दोन पावसाळे कोरडे गेले. विहिरी खरवडून झाल्या, टँकर सुरू झाले आणि शाळेच्या मैदानावर दूध संस्थेने चारा छावणी उघडली. शाळेची खोली पेंडीच्या पोत्यांनी भरली, म्हणून घोडा बाहेर आला. लोकांनी त्याच्या पायांना जनावरं बांधली. नानांच्या म्हशीने त्याच्या पाठीचं चामडं चाटून चाटून असं गुळगुळीत केलं की पोरांचे हात घसरायला लागले. उन्हाने चामडं तडकेल म्हणून मी त्याच्यावर गोणपाट टाकलं. आणि त्या गोणपाटाने घोळ केला.

एका संध्याकाळी छावणी तपासायला सरकारी साहेब आले; अनुदान जनावरागणिक मिळायचं. रांगेतून बघत बघत ते गोणपाटाखालच्या चार पायांपाशी थांबले.

“हे जनावर आजारी आहे का?”

नाना म्हणाले, “न्हाई साहेब. लई शांत हाय.”

“मान दिसत नाही.”

“लाजरं हाय. आत घेतंय.”

“पुढे चारा टाकलेला नाही. पाणीही दाखवलेलं नाही. मुकं जनावर आहे म्हणून काय झालं?” साहेब चिडले. “आत्ता पाणी आणा. माझ्यासमोर.”

एक माणूस टँकरकडे पळाला. भरलेली बादली आणून त्याने घोड्यापुढे ठेवली. त्या दिवसांत भरलेली बादली म्हणजे घरात जपून वापरायची वस्तू. सगळं गाव टोप्या काढून उभं राहिलं आणि घोडा पाणी कधी पितो याची वाट बघू लागलं. कुणी हसलं नाही. एका म्हाताऱ्या बाबांनी तर पाणी पाजताना घालतात तशी शीळ घातली.

मला ते सहन होईना. “साहेब,” मी म्हणालो, “तो घोडा नाही. म्हणजे घोडाच आहे, पण घोडा नाही. चूक माझी आहे. गोणपाट मी टाकलं.” आणि मी गोणपाट ओढलं.

साहेबांनी घोडा बघितला. मग नानांकडे बघितलं. नाना आभाळाकडे बघत म्हणाले, “आवंदा तरी पडंल का वो पाऊस?”

“याचं करता काय तुम्ही?” साहेबांनी मला विचारलं. मी मनीला हाक मारली. ती गाईंमधून पळत आली, फळीवर पाय आपटून घोड्यावरून गेली आणि धुळीत अशी उतरली की पाऊल हललं नाही. मग वळली आणि घोड्याला नमस्कार केला.

साहेबांनी वाकून धुळीतली तिची पावलं बघितली. बादली नानांच्या म्हशीला पाजायला सांगितली आणि मला म्हणाले, “सर, औरंगाबादला सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी असते, दिवाळीच्या आधी. राहणं, खाणं, शाळा सगळं तिथेच. हिला न्या. फक्त तो नमस्कार काढा.”

मी मनीचे वडील आश्रुबा यांच्याकडे गेलो. ते छावणीतच आपल्या म्हशीशेजारी झोपायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, पोरगी उडी चांगली मारती, मला बी दिसतंय. पण उडी मारून जाती कुठं? फिरून आमच्यासंग फडावरच येती ना?”

“निवड झाली तर नाही येणार.”

“अन् न्हाई झाली तर?”

मी म्हशीच्या पाठीवरची माशी हाकलली.

“न्हाई झाली तर ट्रॅक्टरात बसंल,” ते म्हणाले. “औंदापासून कोयता घ्यायचाय तिला. एकीकडं कायतरी लागू द्या, सर. मधी लोंबकळत ठिवू नका.”

पुढचे महिने मी मनीचा नमस्कार काढण्यात घालवले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण प्रशिक्षण तेच.

“मनी, घोडा म्हणजे लाकूड. लाकडाला पाय लागला तर काय होतं?”

“पाप.”

“कुणी सांगितलं?”

“तुमीच. नारळ फोडला तवा.”

मग ठरवलं, भीड चेपायची. म्हणालो, घोड्याला लाथ मार. तिने लाथ मारली आणि नमस्कार केला. पुन्हा लाथ, पुन्हा नमस्कार. कशी मारायची ते दाखवतो म्हणून मी स्वतः लाथ मारली आणि माझा हात आपोआप छातीला गेला. मनी तोंडावर ओढणी धरून हसायला लागली. नेमक्या त्याच वेळी रेडीच्या नवसवाल्या बाई पेढे घेऊन आल्या होत्या. “सर, देवाला लाथा मारायला शिकवता व्हय पोरीला!” पंधरवडाभर गावात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मला त्यांचं बरोबर वाटत होतं.

मार्ग काढला माझ्या बायकोने. मंदा भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, “करू नको कशाला म्हणता? नंतर कर म्हणा. आधी परीक्षकांपुढं हात वर करून उभं राहायचं, बाहेर यायचं, मग निवांत घोड्याकडं जायचं. घोडा काय रुसून बसणार हाय?”

मी दुसऱ्या दिवशी मनीला हे सांगितलं. तिने विचार केला.

“पण सर, तोवर पाप माझ्यावरच ना?”

“तोवर माझ्यावर,” मी म्हणालो. “तू उतर आणि हलू नको. मी सांभाळतो. नंतर येऊन घेऊन जा.”

तिला ते पटलं. मलाही जड वाटलं नाही. माझ्याकडे आधीच इतकं साठलेलं आहे की त्यात एका पोरीचं घटकाभर ठेवायला जागा सहज होती.

चाचणीच्या दिवशी औरंगाबादच्या त्या मोठ्या हॉलमध्ये मनी चकाकत्या घोड्याकडे बघत राहिली. “सर, ह्याला हळदकुंकू न्हाई.”

“नको बघू तिकडे. पळ.”

ती पळाली. फळी वाजली. हात टेकले, पाय फाकले, आणि मला स्पष्ट दिसलं, डाव्या पायाचा अंगठा लागला. डाव्याच पायाचा. ती पलीकडे उतरली. पाऊल हललं नाही. हात वर गेले. पण खांदा मागे वळू बघत होता. तो वळला असता तर पोरगी फडावर गेली असती, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं.

मी दोरीच्या बाहेर उभा होतो. तिथल्या तिथे वाकलो, घोड्याच्या दिशेने जमिनीला हात लावला आणि छातीला लावला.

मनीचा खांदा खाली आला. ती उभी राहिली, अगदी मुंग्यांच्या गादीवर उभी राहायची तशी. परीक्षकांनी मान हलवेपर्यंत उभी राहिली.

“ओ, सावरवाडीचे सर,” एका परीक्षकांनी हाक मारली, “तुम्ही काय करताय?”

“पाय लागला, साहेब.”

“तुमचा?”

“तिचा.”

“मग तुम्ही का पाया पडताय?”

याचं उत्तर लांबलचक होतं. मी म्हणालो, “माफ करा.” परीक्षकांनी माझ्याकडे काळजीने बघितलं आणि कागदात डोकं घातलं. अंगठ्याचे थोडे गुण त्यांनी कापलेच. पण उतरण्याचे कापायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

सगळ्यांच्या उड्या झाल्यावर मनी दोरी ओलांडून गेली, त्या अनोळखी घोड्याला हात लावला, छातीला लावला आणि माझ्याकडे आली. “सुटलात, सर,” म्हणाली. दुपारी नावं वाचली, त्यांत मनकर्णा आश्रुबा हे नाव होतं. मी ते ऐकून शेजारच्या माणसाची माफी मागितली. का, ते आठवत नाही. बहुतेक त्याचा हात घट्ट धरला होता.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर लागला. मनीला मी आदल्याच दिवशी वसतिगृहात सोडून आलो होतो. ट्रॉलीत भांडी चढली, कोंबड्या चढल्या, मनीचा भाऊ चढला. आश्रुबा तेवढे मैदानाकडे आले. काखेत कडब्याची एक पेंढी होती. त्याही साली पाऊस हुकला होता आणि कडब्याची पेंढी लोक पाहुण्यालाही दाखवत नव्हते.

ते माझ्या पाया पडायला वाकले. मी गडबडीने मागे सरलो आणि घोड्यावर आपटलो. घोड्याला पाय लागला, म्हणून मी वळून नमस्कार केला. आश्रुबा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

“ऱ्हाऊ द्या, सर. तुमी अन् ह्ये घोडं एकच.”

त्यांनी पेंढी सोडली आणि घोड्यापुढे पसरली. तिथे मुंडकं असतं तर ते जिथे आलं असतं, बरोबर तिथे. “साहेबानं त्या दिवशी नुसतंच पाणी दाखवलं,” ते म्हणाले. “उपाशी ठिवलं बिचाऱ्याला.” घोड्याच्या पाठीवर एक थाप मारली आणि ट्रॅक्टरकडे गेले.

ती पेंढी मी उचलली नाही. उचलायला हवी होती. दुष्काळाचे दिवस होते, दावणीला जिवंत जनावरं होती. सकाळी बघितलं तर घोड्यापुढे काडी शिल्लक नव्हती. जवळच नानांची म्हैस दावं तोडून उभी होती आणि निवांत रवंथ करत होती.

पण गावात विचारून बघा. म्हशीचं नाव कुणी घेणार नाही. सगळे सांगतील, घोड्यानं खाल्ली. आणि त्यांना दुरुस्त करायचा माझा धीर होत नाही.